चहाच्या खोक्यातली डाळ

पुंजाराम गांगुर्डेची आठवड्याची सुट्टी जवळ आली की त्याची बायको मालन घरातल्या चांगल्या वस्तू आदल्या संध्याकाळीच माळ्यावर टाकायची. कात्री, सुतळीचा गुंडा, झाकणं धड असलेले डबे. एकदा तर इस्त्रीसुद्धा. खाली उरेल त्याचं पुंजारामने काय वाटेल ते करावं, एवढी तिच्या मनाची तयारी असायची.

पुंजाराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर पाळीने कामाला होता. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे हातभर अंगण, आणि अंगणातून दिसणारी केंद्राची उंच चिमणी. माणूस शांत. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाशी भांडण नाही. फक्त एखादी वस्तू टाकून द्यायची म्हटलं की तो ती परत उचलून उलटीसुलटी करून बघायचा. दूध पावडरीचा डबा, फाटका बूट, सायकलची ट्यूब, कशातही त्याला दुसरीच एखादी वस्तू दिसायची.

त्याने केलेल्या काही वस्तू उपयोगी होत्या, हे मालन नाकारायची नाही. पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली किसणी चांगली चालत होती. जुन्या पॅन्टींच्या पायांची दप्तरं दोन्ही मोठी मुलं, गौतमी आणि सुमेध, शाळेत न्यायची. फक्त सुमेधच्या दप्तराला मागचा खिसा तसाच राहिला होता, बटणासकट. वर्गातली पोरं त्याला विचारायची, दप्तर बसलंय की उभं आहे?

पाळण्याचं मात्र फसलं. बाळू झाला तेव्हा पुंजारामने पाळण्याची दोरी पुढच्या दाराला बांधली. येणारा-जाणारा दार उघडणार, पाळणा आपोआप हलणार. कल्पनेत खोट नव्हती. पण दूधवाला दार ढकलायचा ते अडलेला बैल ढकलावा तसं, आणि तोवर शांत झोपलेला बाळू खडबडून जागा व्हायचा. मग त्याला झोपवायला मालनला पाळणा हलवावा लागायचा, आणि पाळणा हलला की दार वाजायचं, आणि दार वाजलं की कोण आलं ते बघायला मोठी गौतमी धावायची.

"तुम्ही करा, मी नको म्हणत नाही," मालन दोरी सोडता सोडता म्हणाली. "पण असं काहीतरी करा की माझं एक काम कमी होईल. तुमची वस्तू झाली की माझं एक वाढतंच."

पुंजारामला हे मनापासून पटलं. "कुठलं काम कमी करू?"

"दुपारचं," मालन म्हणाली. ती इतक्या लगेच म्हणाली की हे तिने आधीच ठरवून ठेवलं असावं.

दुपारचं काम असं होतं. मालन नाशिकरोडला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सकाळी बसने जायची ती संध्याकाळी परत यायची. पुंजारामची पाळी दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे तो घरी असला तरी बहुतेक झोपलेला असायचा. बाळू शेजारच्या कलाबाईंकडे राहायचा, त्याबदल्यात मालन त्यांचे ब्लाउज शिवून द्यायची. पण कलाबाईंना स्वतःची चार होती, आणखी दोघांना जेवू घाला असं त्यांना सांगवत नव्हतं. गौतमी आणि सुमेध दुपारी साडेबाराला शाळेतून यायची आणि सकाळची गार भाकरी गार कालवणाशी खायची. थंडीत कालवणावर तेल गोठलेलं असायचं. गौतमी आठ वर्षांची. "मी पेटवते ना स्टोव्ह, मला येतो," असं ती महिनाभर म्हणत होती.

मालनच्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही हातांवर स्टोव्हच्या भडक्याच्या खुणा होत्या. त्यामुळे मालन रोज घरातली काडेपेटी पर्समध्ये घालून शाळेत न्यायची. एकदा खडू शोधताना ती टेबलावर पडली. तेव्हापासून शाळेचा शिपाई तिच्याकडे जरा आपुलकीने बघायचा. तो स्वतः विड्या ओढत असे.

खरं म्हणजे यावर सरळ उपाय होता. पुंजारामची आई, गोजराबाई, कळवणजवळच्या गावात थोरल्या मुलाकडे राहायची. थोरल्याचं नाव लहानू. त्याची मुलं मोठी झाली होती, एकाचं तर लग्नही झालं होतं. मालन सासूला आत्याबाई म्हणायची; तिने एक-दोनदा विषय काढून पाहिला.

"आत्याबाई आल्या असत्या तर."

"ती नाही यायची," पुंजाराम म्हणायचा. "तिला गाव सोडवत नाही."

त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. पण तो हे इतक्या खात्रीने सांगायचा की मालनला वाटायचं, विचारलं असणार.

एकोणऐंशी साल होतं. रॉकेलला रांगा होत्या. शाळेत पालक स्त्रियांसाठी इंधन वाचवण्याचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. पालक स्त्रियांना वेळ नव्हता, म्हणून खुर्च्या भरायला शिक्षिकांना बसवलं. आलेल्या बाईंनी डाळ-तांदूळ उकळी आणून एका गवत भरलेल्या पेटीत ठेवले, वर उशी दाबली आणि इंधनाच्या बचतीवर बराच वेळ बोलल्या. इतका वेळ की भाषण संपलं तेव्हा भात झाला होता. मालनने हात लावून पाहिलं. पातेलं चटका बसेल इतकं गरम होतं, आणि पेटीच्या आसपास कुठे विस्तव नव्हता.

घरी येऊन तिने पुंजारामला सगळं सांगितलं. तो ऐकताना मान हलवत होता. त्याला ते लगेच समजलं. "वाफेच्या पाइपाला आम्ही गुंडाळतो ना, तसंच," तो म्हणाला. "उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही. बस्स."

पुढच्या सुट्टीला तो नाशिकरोडच्या किराणा दुकानातून चहाचं रिकामं खोकं सायकलवर बांधून घेऊन आला. पातळ फळ्यांचं, आतून चंदेरी कागद लावलेलं, अजून चहाचा वास असलेलं. शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याकडून गव्हाचं काड आणलं. मालनने जुन्या लुगड्याची उशी शिवून त्यात चिंध्या ठासल्या. पुंजारामने खोक्यात काड दाबून दाबून भरलं आणि मधोमध पातेल्याच्या मापाचा खळगा केला. माळ्यावरची कात्रीसुद्धा मालनने स्वतःहून खाली काढून दिली.

पहिल्या दिवशी त्याने घाईत मोठं पातेलं घेतलं. तळाशी थोडी डाळ आणि वर सगळी हवा. दुपारी मुलांनी उशी काढली तर डाळ कोमट पाण्यात जशीच्या तशी बसली होती. सुमेधने ती चोखून पाहिली आणि गार भाकरी मागितली. दुसऱ्या दिवशी मालनने लहान, घट्ट झाकणाचं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं काठोकाठ भरलं, स्टोव्हवर दहा मिनिटं नीट रटरटू दिलं आणि खोक्यात ठेवून वर उशी दाबली. काडेपेटी पर्समध्ये घातली आणि बसला गेली.

संध्याकाळी ती बसमधून उतरली तर गौतमी थांब्यावर उभी.

"आई, वाफ आली! झाकण काढलं तर वाफ आली! सुमेधचं तोंड भाजलं!"

"खूप भाजलं?"

"नाही, थोडंच. तो अजून मागत होता."

मालन रस्त्यावरच थांबली. घरी मुलांनी गरम खाल्लं होतं, आणि त्या वेळी ती शाळेत पाढे म्हणवून घेत होती. मग तिने गौतमीला बाजारातून आणलेली पेरूची पिशवी धरायला दिली.

पेटी चालू लागली. डाळ-भात, कधी मटकी, कधी लापशी. मुलं त्याला "भाताची गादी" म्हणायची. पुंजाराम कँटीनमध्ये बसेल त्याला पेटी कशी काम करते ते सांगायचा. ऐकणारे चहा संपवून उठले तरी तो पुढच्याला सांगायचा. लहानू सरकारी कामाला नाशिकला आला होता, तेव्हा त्यालाही त्याने उशी काढून दाखवली.

"आता कुणाची गरज नाही," पुंजाराम म्हणाला. "पेटीच करते सगळं."

लहानूने गावी जाऊन हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्याला निरोप पोचवताना कमी-जास्त करायची सवय नव्हती.

त्यानंतरच्याच आठवड्यात गोजराबाई एसटीने आली. हातात शेंगांची पिशवी, डोक्यावर गाठोडं. आधी कळवलं नव्हतं. पुंजारामने पाया पडून विचारलं, "आई, एकदम कशी काय?"

"का? येऊ नाय का?"

"तसं नाही, पण बरं आहे ना सगळं?"

"लय बरं हाय." तिने गाठोडं खाली ठेवलं आणि पाणी प्यायच्या आधीच विचारलं, "ती पेटी कुठंय?"

पुंजारामने आनंदाने दाखवली. गोजराबाईने तिच्याभोवती एक चक्कर मारली, काडात बोट खुपसलं, उशीचा वास घेतला.

"हिच्यात विस्तू कुठंय?"

"विस्तव नसतोच आई. आधीची उष्णता आतच राहते."

"म्हंजी डाळीला पांघरून घालून निजवायची, आन् ती शिजती."

"अगदी बरोबर."

"आजारी मानसासारखी," गोजराबाई म्हणाली आणि पाणी प्यायली.

बाळू आता कलाबाईंकडे जाईना, तो दिवसभर आजीच्या कडेवर असायचा. मालनला बरं वाटलं. आत्याबाई आठ-पंधरा दिवस राहतील तेवढाच आधार, असा तिने विचार केला. पेटी चालू होतीच, म्हणून आत्याबाईंवर स्वयंपाकाचा भार टाकायचा नाही, असंही तिने ठरवलं आणि तसं त्यांना सांगितलं. "तुम्ही नुसत्या बसा आत्याबाई. काही करायचं नाही. सगळं पेटीत ठेवून जाते."

गोजराबाईने पेटीवरची उशी एकदा दाबून पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून डाळ शिजेनाशी झाली.

मालन संध्याकाळी आली तर पातेल्यात डाळ वेगळी, पाणी वेगळं. मुलं मात्र तृप्त होती. गोजराबाईने मागच्या अंगणात तीन विटा मांडून, काटक्या गोळा करून, कलाबाईंकडून विस्तव आणून पिठलं-भाकरी केली होती.

"पेटी बिघडली वाटतं," गोजराबाई म्हणाली.

पुंजारामला ते लागलं. पेटीत बिघडण्यासारखं काही नव्हतं. त्याने काड बाहेर काढून उन्हात वाळवलं आणि पुन्हा भरलं. डाळ शिजली नाही. त्याने फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. डाळ शिजली नाही. मग त्याने दुसरं, मोठं खोकं आणलं, पहिलं खोकं त्यात बसवलं आणि मधल्या जागेत लाकडाचा भुसा भरला. त्यावर जुनी गोधडी, गोधडीवर उशी, उशीवर त्याचा स्वेटर, आणि सगळ्यावर दगड. पेटी आता इतकी मोठी झाली की स्वयंपाकाच्या खोलीत तिच्याशेजारून जाताना आडवं व्हावं लागायचं. पितळी डबे माळ्यावर गेले. त्याने सुमेधच्या तापाचं थर्मामीटर पातेल्यात घालून पाहिलं. ते फुटलं, आणि त्या दिवशीची डाळ टाकून द्यावी लागली.

"बॉयलरवर असं झालं असतं तर मला लगेच कळलं असतं," तो म्हणायचा. रात्रपाळीहून आल्यावर झोपायच्या आधी तो पेटीजवळ बसून राहायचा. त्याचं खाणं-पिणं कमी झालं. गोजराबाई त्याच्याकडे बघायची आणि बाळूला जरा जास्तच जोरात थोपटायची.

एका शुक्रवारी शाळेच्या छपराचे पत्रे बदलायचे होते म्हणून मालनला लवकर सुट्टी मिळाली. ती घरी पोचली तेव्हा मुलं शाळेत होती, पुंजाराम कामावर. पुढचं दार आतून लावलेलं होतं. हाक मारली तर बाळू उठेल म्हणून ती मागच्या अंगणात गेली आणि खिडकीतून डोकावली.

गोजराबाई पेटीपुढे मांडी घालून बसली होती. दगड, स्वेटर, उशी, गोधडी सगळं नीट घडी करून शेजारी ठेवलेलं. पातेल्याचं झाकण काढलेलं. डाळीतून वाफ वर जात होती, आणि गोजराबाई तिला पदराने वारा घालत होती. रागाने नव्हे. लेकराचं दूध निवायला घालावा तसा, सावकाश.

थोड्या वेळाने तिने बोट बुडवून पाहिलं, झाकण लावलं आणि एक एक वस्तू जशीच्या तशी वर रचली. स्वेटरच्या बाह्यासुद्धा होत्या तशा दुमडल्या. मग ती काटक्या गोळा करायला उठली.

मालन मागच्या मागे सरकली आणि कलाबाईंच्या घरी जाऊन बसली. कलाबाईंनी चहा टाकला. मालनला इतका राग आला होता की तिने चहात घालायची साखर बाजूला ठेवलेल्या तांदळात घातली. रोजची डाळ वाया. पुंजाराम आठवडाभर धड जेवलेला नाही. स्वयंपाकघरात आडवं चालायचं. हे सगळं कशासाठी?

"काय झालं?" कलाबाईंनी विचारलं.

"काही नाही. आत्याबाई कंटाळत नाहीत ना इथं?"

"त्या?" कलाबाई हसल्या. "परवा विचारत होत्या मला, इथं म्हाताऱ्या माणसाला रेशनकार्डावर चढवायला काय करावं लागतं म्हणून. मी म्हटलं, राहणार का? तर म्हणाल्या, कुणी बोलावलंय?"

मालनने साखर घातलेले तांदूळ निवडून देते म्हणून सांगितलं, पण ते निवडता येण्यासारखे नव्हते. कलाबाई म्हणाल्या, राहू द्या, गोड भात करीन.

मालन तिथेच आतल्या खोलीत बसून राहिली, विस्तव न्यायला आलेल्या गोजराबाईच्या नजरेस पडली नाही, आणि नेहमीच्या वेळेला घरी गेली. डाळ शिजली नव्हती.  जेवणं झाल्यावर पुंजाराम मुलांना घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसला, आणि मालनने मेथीची जुडी गोजराबाईपुढे आणून ठेवली. दोघी निवडायला बसल्या.

"आत्याबाई," मालन म्हणाली, "आज मी लवकर आले होते."

गोजराबाईचा हात थांबला नाही. तिने एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली, दुसरी काडी घेतली.

"कवा?"

"तुम्ही वारा घालत होता तेव्हा."

गोजराबाईने टोपली जरा जवळ ओढली.

"पयल्या दिवशी मी नुस्तं बघाया उघडलं," गोजराबाई म्हणाली. "खरंच शिजती का, ते. दोनदा बघितलं, तीनदा बघितलं. मग ती शिजलीच नाय. पोरं आली, म्हनली, आजी, भूक लागली. मी पिठलं केलं. सुम्या म्हनला, आजी, तू रोज कर." ती थांबली. "मग मी रोज उघडली."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? तूच म्हनली, नुस्त्या बसा. लहानूच्या घरी बी मी नुस्ती बसती. सून म्हनती बसा, नातसून म्हनती बसा. मानसाला किती बसवायचं?"

मालनला तिच्या आवाजात रडं ऐकू आलं असतं तर सोपं गेलं असतं. पण गोजराबाई मेथीतलं गवत काढावं तितक्या सहज बोलत होती.

"तुम्हाला गाव सोडवत नाही, असं हे म्हणतात."

"कोन म्हनतं? पुंजा?"

"हो."

"मला त्यानं इचारलं कवा?" आता मात्र गोजराबाईने हातातली काडी खाली ठेवली. "गौतमी झाली, मी म्हनलं आता बोलवील. सुम्या झाला, म्हनलं आता बोलवील. बाळू झाला. मी गाठोडं बांधून ठेवलं व्हतं, लहानूला इचार. बोलावनं आलंच नाय, ऐकू आलं ते पेटी आली म्हनून. आदी मानसाला बोलवायचं का आदी पेटीला?"

 काडेपेटी पर्समध्ये घेऊन ती इतके महिने बसने ये-जा करत होती, आणि तिकडे कळवणला ही बाई गाठोडं बांधून बसली होती. दोघींच्या मधे फक्त पुंजाराम होता, आणि त्याने कुणालाच काही विचारलं नव्हतं.

"मी बोलावते," मालन म्हणाली. "इथंच राहा. मला एकटीला नाही होत."

"पुंजाला इचार आदी."

"त्यांना कशाला? ते हवं तिथंही विचारत नाहीत, आपणही विचारायला नको."

गोजराबाई पहिल्यांदाच हसली. मग एकदम गंभीर झाली. "त्याला सांगू नको, उघडत व्हते म्हनून. त्यानं सोताचा स्वेटर घातलाय डाळीला."

"नाही सांगत."

"लय लागंल त्याला."

"नाही सांगत, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी डाळ शिजली. इतकी शिजली की दाणा राहिला नाही, कारण पुंजारामने तोवर केलेल्या बंदोबस्तात दगडसुद्धा शिजला असता. पुंजाराम पातेल्यापुढे उकिडवा बसून बघत राहिला. आदल्या दिवशी त्याने पेटीखाली चार विटा घातल्या होत्या. "जमिनीतून जात होती," तो हळूच म्हणाला. "उष्णता खालून जात होती. माझ्या डोक्यातच आलं नाही." त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि दोन वेळा वाढून घेतलं. कँटीनमध्ये पुढे कित्येक महिने त्याने विटांचं महत्त्व समजावलं, आणि निदान तिघांनी त्याचं ऐकून आपापल्या पेट्यांखाली विटा घातल्या. त्यांच्या डाळी आधीही शिजत होत्या.

गोजराबाई राहणार आहे हे त्याला मालनने सांगितलं. तो चकित झाला. "तिला गाव सोडवलं?"

"सोडवलं," मालन म्हणाली.

सुरुवातीला गोजराबाई हट्टाने विटांच्या चुलीवरच करायची. पण एकलहऱ्यात काटक्या मिळवायला लांब जावं लागायचं, शिवाय धूर झाला की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. रविवारी सकाळी विहारात वंदनेला जायचं असायचं, तिथून बायकांबरोबर परत यायला उशीर व्हायचा. मग एका रविवारी तिने स्वतःच डाळीला उकळी आणली, पातेलं खोक्यात ठेवलं, स्वेटर घातला आणि दगड ठेवून विहारात गेली. आली तेव्हा डाळ तयार होती. तिने ते कुणाला सांगितलं नाही, पण पुढच्या रविवारीही तसंच केलं.

हळूहळू पेटी तिचीच झाली. मधल्या काळात कुणी उशीला हात लावला तर ती ओरडायची. एकदा पुंजाराम सुट्टीच्या दिवशी नुसता भुसा दाबून बघत होता, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली. "सारखं सारखं उघडलं की शिजत नाय," ती म्हणाली. मालन तेव्हा ब्लाउजला काज करत होती. तिने मान वर केली नाही.

दुपारी मुलं आली की आजी दारात असायची. आता गरम खायला होतंच, पण गौतमीला शाळेतलं काय काय झालं ते सांगायला कुणी तरी होतं, आणि तेच तिला जास्त आवडायचं. मालन काडेपेटी घरीच ठेवू लागली. तिला बसमध्ये पर्स हलकी वाटायची.

पावसाळा संपताना लहानू आईला न्यायला आला. कांद्याची रोपं टाकायची होती, घरी माणूस हवं होतं. गोजराबाईने त्याला बसवलं, पेटीतून गरम भात काढून वाढला आणि म्हणाली, "रोपं तू टाक. मला इथं काम हाय."

लहानू जेवला. भात चांगला होता. त्याने पेटीची मापं वितीने घेतली, काड किती, भुसा किती ते पुंजारामकडून समजून घेतलं, विटांचंही ऐकलं, आणि गावी परत जाऊन अगदी तशीच पेटी केली. निरोपात तो कमी-जास्त करत नसे, तसंच त्याने पेटीतही केलं नाही. पण पहिल्याच दिवशी कुणी उशी लावायला विसरलं, आणि काडाच्या खळग्यात एक कोंबडी जाऊन बसली. ती उठेना. दोन दिवसांनी कळलं की तिने अंडी घातली आहेत.

लहानूच्या बायकोने मग भात चुलीवरच केला. दिवाळीच्या सुमारास लहानूचा नाशिकला फेरा झाला तेव्हा तो कॉलनीत आला आणि म्हणाला, पिल्लं झकास निघाली, एकही मेलं नाही.

"किती निघाली?" पुंजारामने विचारलं, आणि खाली विटा घातल्या होत्या का, तेही विचारलं.

गोजराबाई आतून म्हणाली, "त्यातली एक तलंग मोठी झाली की इकडं आन. पोरांना अंडं मिळंल."

लहानू म्हणाला, आणतो. पुंजाराम अंगणात जाऊन खुराड्याला जागा कुठे आहे ते बघू लागला, आणि मालन उठून चांगली बादली माळ्यावर ठेवायला गेली.